गोडाऊनमागची रेंज

"हे वाजलंच न्हाई, साहेब. सकाळधरनं हातात धरून बसलोत आमी."

कडूबाळ साळवे पेजर माझ्यापुढे धरून उभे होते. त्यांच्या बायकोने, सरस्वतीबाईंनी, भिंतीचा आधार घेतलेला. दम्याच्या पेशंट. ओपीडी संपलेली, डॉक्टर निघून गेलेले.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "नंबर पुकारला तेव्हा हजर नव्हत्या. कॅन्सल झाला."

तेलगावजवळच्या एका सहकारी साखर कारखान्याच्या ट्रस्टचं ते हॉस्पिटल. पेजर आमच्या कंपनीचे, मी त्यांचा सर्व्हिस इंजिनिअर. पेशंटच्या हातात बशीएवढी चकती द्यायची. नंबर आला की काउंटरवरून बटण दाबायचं. चकती थरथरते, वाजते, लाल दिवा लागतो. 'पेजर वाजत नाहीत' ही तक्रार होती, म्हणून मी आलो होतो.

काउंटरवरच्या मुलीला बटण दाबत राहायला सांगून, चकती घेऊन मी चालत सुटलो. साळवे सोबत. व्हरांड्यात वाजली. गेटपाशी वाजली. रस्ता ओलांडून कारखान्याच्या गोडाऊनमागे गेलो आणि मुकी झाली. मधे सगळा पत्रा. त्यातून सिग्नल जात नाही.

"पण इतक्या लांब येऊन बसता कशाला?"

"आमी कशाला बसतोय? हितं बसवलंय आमाला. हॉल छावणीवाल्यांला दिला."

दुष्काळाचं वर्ष. कारखान्याने जनावरांची छावणी काढली होती आणि तिचं ऑफिस पेशंटांच्या हॉलमध्ये थाटलं होतं. खुर्च्या, कूलर, पाण्याचे जार, सगळं त्यांच्याकडे. पेशंट ताडपत्रीखाली, मातीत.

मी ॲडमिनिस्ट्रेटरना गाठलं. "मशीन ठीक आहे. पेशंटांना हॉलमध्ये बसवा, प्रश्न मिटला."

ते हसले. "अहो, पेशंट कुठंही बसू शकतो, हे तुमच्याच सेल्सवाल्याने सांगितलं ना? म्हणून तर चेअरमनसाहेबांनी सिस्टीम घेतली. तुम्ही रेंज वाढवा."

ऑफिसला फोन केला. साहेब म्हणाले, "हॉल त्यांचा, रेंज आपली. वाढव."

सरस्वतीबाईंना नर्सने वाफ देऊन घरी पाठवलं. मी गोडाऊनवर रिपीटर चढवला. म्हणजे सिग्नल पकडून पुढे ढकलणारं यंत्र. ताडपत्रीखालची प्रत्येक चकती खणखणीत वाजली. ॲडमिनिस्ट्रेटरनी चहा पाजला.

पुढच्या सर्व्हिसला गेलो तेव्हा साळवे नवरा-बायको तिथेच, ताडपत्रीखाली. माझ्यासमोर त्यांची चकती थरथरली. सरस्वतीबाई उठल्या, नवऱ्याच्या खांद्याला धरून उन्हात निघाल्या. रस्त्याच्या कडेला खाली बसल्या. पुन्हा उठल्या. गेटपाशी पुन्हा बसल्या. दारात पोचल्या तोवर पुढचा पेशंट आत गेला होता.

"आता वाजतंय, साहेब," त्या धापा टाकत म्हणाल्या. "पर हितवर यायला दम कुटून आणू?"

हॉलमध्ये कूलर चालू होता.

तेव्हापासून कोणी रेंज वाढवायला सांगितलं की मी आधी विचारतो, माणसं बसणार कुठे? बहुतेक जण म्हणतात, ते तुम्ही बघू नका.