मोडतोडीचे पैसे

आमच्या घरात जिना उतरायच्या आधी वरूनच ओरडायचं असतं, "उतरू का?" खालून "थांब थांब थांब!" असं उत्तर आलं की जिथल्या तिथे उभं राहायचं, कारण त्या क्षणी कठड्यावरून काहीतरी घरंगळत असतं. कधी गोटी, कधी बेअरिंगची पोलादी गोळी, आणि एकदा तर माझ्या कुकरच्या झाकणाची मूठ. ती निखळली होती हे मला माहीतही नव्हतं. ती धडाधड उड्या मारत येताना बघितली तेव्हा कळलं.

हा सगळा कारभार माझ्या नणंदेचा. यांची थोरली बहीण. हे त्यांना ताई म्हणतात, मी वन्सं म्हणते. वन्संनी लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर "राहून गेलं बघ," असं सांगतात, जणू बाजारातून हिंग आणायचा राहून गेला. मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करायच्या एका दुकानात त्या कितीतरी वर्षं कामाला आहेत. संध्याकाळी घरी येतात तेव्हा पिशवीत भाजी कमी आणि भंगार जास्त. पंख्याची पाती, मिक्सरची फुटकी झाकणं, तारा, स्प्रिंगा, रिकामी रिळं. आणि चहाचा कप हातात घेऊन जिन्यापाशी बसल्या की त्या या जगातल्या राहत नाहीत.

वरच्या पायरीवरून गोळी सोडायची. ती पडद्याच्या जुन्या पट्टीतून सुसाट धावणार, चमच्यात पडणार, चमचा उलटणार, त्याची सुतळी सुटणार, सुतळीला टांगलेलं रीळ खाली येऊन सायकलची घंटा वाजवणार, आणि घंटेच्या धक्क्याने दुसरी गोळी निघणार. वन्सं याला घरंगळी म्हणतात. हा शब्द त्यांचाच.

"ताई, याचा उपयोग काय पण?" यांनी एकदा विचारलं.

"तुझा काय आहे?" वन्सं मान वर न करता म्हणाल्या.

घरंगळी पहिल्या फटक्यात कधीच चालायची नाही. गोळी वळणावर उडायची, कपाटाखाली जायची, एकदा यांच्या भरल्या चहात पडली. आणि दर वेळी वन्सं पोट धरून हसायच्या. "पडली! पडली! कशी गेली बघितलंस?" गोळी नीट शेवटाला पोचली की मात्र नुसतं "हं" म्हणायच्या आणि सगळं सोडवून नवीन मांडायला घ्यायच्या.

दुकानाच्या काउंटरवर त्यांनी एक छोटी घरंगळी मांडली होती, गिऱ्हाइकांना वाट बघताना कंटाळा येऊ नये म्हणून. एक दिवस कोपऱ्यावरच्या बँकेच्या मॅनेजरबाई इस्त्री न्यायला आल्या. इस्त्री मिळाली, पैसे दिले, पण बाई हलेनात. गोळी स्वतःच सोडत राहिल्या. परत, परत. शेवटी म्हणाल्या, "हे नाण्यावर चालेल का हो?"

"म्हणजे?"

"आमचा नवा हॉल होतोय. लहान मुलांच्या बचतीसाठी एक कोपरा हवाय. मुलांनी नाणं टाकायचं आणि ते असं... असं जात जात खाली पेटीत पडायचं. कराल?"

त्या दिवशी वन्सं घरी आल्या त्या धावतच. चपला एक दारात, एक हॉलमध्ये. "अगं, नाणं! नाणं म्हणतात त्या! गोटी कशीही पडली तरी घरंगळते. नाणं आडवं झालं की संपलं! त्याला उभंच ठेवायला हवं. वळणावर काय करायचं? सांग ना, वळणावर काय?"

मला काय कळतंय! पण त्यांच्या डोळ्यांत असं काही चमकत होतं की मीही लाटणं हातात घेऊन "वळणावर काय?" म्हणत उभी राहिले.

आणि मग बँकेने आगाऊ रक्कम दिली. चांगली घसघशीत. घरंगळीचे पैसे मिळतात हेच आम्हाला नवीन होतं. हे तर चेक उलटासुलटा करून बघत होते. वन्संनी दुकानातून महिन्याची सुट्टी काढली. पितळी पट्ट्या आणल्या, काचेसारखं स्वच्छ प्लास्टिक आणलं, गुळगुळीत सागवानी फळी आणली. सगळं मागच्या खोलीत ओळीने मांडलं.

आणि बसल्या.

दुसऱ्या दिवशीही बसल्या. आठवडा होत आला तरी पट्टी करवतीखाली जाईना. मी चहा द्यायला जायची, तर त्या पितळेवर फडकं फिरवत असायच्या. आधी पुसलेलंच परत पुसायचं.

हे वैतागले. "लोक पैसे मिळाले की कामाला लागतात. ताई, तू पैसे मिळाल्यावर काम सोडलंस!"

"कापायला हात होत नाही रे. चुकलं तर?"

"चुकलं तर दुसरी आण. आजवर काय चुकत नव्हतं?"

"तेव्हा भंगार होतं. हे बँकेचं आहे."

मग त्यांनी पुठ्ठ्यावर करून बघायचं ठरवलं. मी शेजारी भाजी निवडत बसले. पुठ्ठ्याची खाच तयार झाली, नाणं सोडलं, ते सरळ उतारावरून छान धावलं, वळणावर डुगडुगलं आणि टपकन आडवं झालं. वन्संनी ते उचललं. कपाळाला आठ्या. परत सोडलं, परत आडवं. त्यांनी असे ओठ आवळले, जणू कुणी अंगावर ओरडलंय.

मी सहज बोलून गेले, "वन्सं, तुम्ही हसला नाहीत."

"काय?"

"पडलं की तुम्ही हसता ना नेहमी. बँकेचं काम घेतल्यापासून एकदाही हसला नाहीत."

त्यांनी हातातलं नाणं खाली ठेवलं. मग एकदम उठल्या, साडीला लागलेले पुठ्ठ्याचे कण झटकले. "चल."

"कुठे? भाजी..."

"भाजी पळून नाही जात. चल बँकेत."

मॅनेजरबाईंच्या केबिनमध्ये मी आयुष्यात पहिल्यांदा गेले. काचेचं टेबल, त्यावर फायलींचा ढीग आणि डबा अर्धवट खाल्लेला. वन्सं खुर्चीवर टेकल्याही नाहीत.

"बाई, मला आणखी पैसे हवेत."

मी मनात म्हटलं, झालं. आता आहे तेही जातंय.

मॅनेजरबाईंनी डब्याचं झाकण लावलं. "कशाचे?"

"मोडतोडीचे."

"ते झाल्यावर बघू की. बिघडलं तर दुरुस्तीचं वेगळं देऊ."

"तसं नाही. बनवताना मोडायचे. तुम्ही दिलेत ते चालेल अशा घरंगळीचे पैसे. पण मी आधी न चालणाऱ्या करते. पुष्कळ करते. त्यातूनच चालणारी निघते. त्यांचे पैसे कुणी दिलेलेच नाहीत, म्हणून माझा हात उचलत नाही. मला वाया घालवायला पैसे द्या. थोडे द्या, पण वाया घालवायचे म्हणूनच द्या."

मग मॅनेजरबाई हसल्या, खुर्चीत मागे रेलून, मोकळं हसल्या.

"अहो, आम्ही कर्जं देतो ना, तेव्हा काही बुडणार हे धरूनच देतो. त्यासाठी आधीच पैसे बाजूला काढून ठेवतो. नाहीतर आमचाही हात उचलायचा नाही कर्ज द्यायला! तुमच्यासाठी का नको?" त्यांनी पेन उघडलं. "फक्त वर माझ्या साहेबांना 'वाया' हा शब्द सांगता येणार नाही. 'मोडतोड' चालेल."

बँकेतून बाहेर पडल्यावर वन्सं रस्त्यातच थांबल्या आणि मला मिठी मारली. भर रस्त्यात! मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवतोय, आणि आम्ही दोघी मधोमध.

त्यानंतरचे दिवस काय सांगू! घरी पोचताच वन्संनी सगळ्यात महागडी पितळी पट्टी उचलली आणि मुद्दाम, कसलंही माप न घेता, खटकन कापून टाकली. "ही मोडतोडीत!" मग जी करवत सुरू झाली ती थांबेचना. मागची खोली भरली, मग व्हरांडा भरला, मग माझं स्वयंपाकघर. जेवायच्या टेबलावर उतार, म्हणून आम्ही ताटं मांडीवर घ्यायचो. नाणी उडत होती, टणाटण वाजत होती, आणि आतून परत ते हसू यायला लागलं, "पडलं! कसं पडलं बघ!"

आणि एका सकाळी आरोळी आली, "पडू दे त्याला!"

मी आणि हे धावत गेलो. वन्संच्या केसांत लाकडाचा भुसा, चष्मा नाकाच्या टोकावर.

"मी मूर्खासारखी त्याला उभं ठेवायला बघत होते. वळणावर ते पडणारच, मग पडू दे ना! पडायला जागा करून देऊया."

त्यांनी वळणावर वाटीएवढा एक तराजूसारखा पाळणा लावला होता. नाणं त्यात आडवं पडायचं. जड असलं तर पाळणा लगेच कलायचा आणि नाणं खालच्या आखूड वाटेने सरळ पेटीत. हलकं असलं तर पाळणा जागचा हलायचा नाही. नाणं घसरत पुढे जायचं, एका चिंचोळ्या खाचेत परत उभं राहायचं आणि लांबच्या वाटेला लागायचं.

"म्हणजे?" यांनी विचारलं.

"म्हणजे सगळ्यात लहान नाण्याची सफर सगळ्यात मोठी!"

हे खिसे चाचपायला लागले. "सुटे आहेत का गं तुझ्याकडे?" असं मला विचारून माझ्या डब्यातली सगळी चिल्लर त्यांनी काढून नेली. ती संध्याकाळपर्यंत परत आली नाही.

लांबच्या वाटेवर वन्संनी जीव ओतला. छोट्या मोटरवर फिरणारं मिक्सरच्या पात्यांचं चक्र, इस्त्रीच्या पत्र्याची घसरगुंडी, आठ सुरांच्या आठ नळ्या आणि शेवटी पेटीवर एक जाड पितळी झांज.

उद्घाटनाला नवा हॉल माणसांनी भरला होता. वरच्या कचेरीतून मोठे साहेब आले होते. त्यांनी खिशातून सगळ्यात मोठं नाणं काढलं, सगळ्यांना दाखवलं आणि टाकलं. सर्रर, टप, पेटीत. संपलं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. साहेबांचा हात अजून हवेतच.

"एवढंच?" ते म्हणाले.

मॅनेजरबाईंचा चेहरा उतरला. तेवढ्यात पेन्शनच्या रांगेतून एक आजोबा पुढे आले. "माझ्याकडे एवढंच आहे, चालेल का?" हातात अगदी लहान नाणं.

"तेच तर हवंय!" वन्सं जवळजवळ ओरडल्याच.

नाणं सुटलं. पाळण्यात पडलं, घसरलं, उभं राहिलं आणि लांबच्या वाटेला लागलं! हॉलमध्ये "अरे अरे अरे" असा आवाज उठला. नळ्या वाजायला लागल्या, मुलं प्लास्टिकला नाक लावून त्याच्याबरोबर पळायला लागली, कॅशियरने खिडकी सोडली. नाणं चक्रावर चढलं, वर वर गेलं, अगदी टोकाला पोचलं आणि...

अडकलं.

मी यांचा हात इतका घट्ट धरला की यांनी "आई गं" म्हटलं. नाणं टोकावर बसून. मोठे साहेब घसा खाकरत होते. आणि तेवढ्या गर्दीत एकच माणूस हसत होतं. आमच्या वन्सं! खदाखदा, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अडकलं बघा कसं! ऐटीत बसलंय!" ते हसू इतकं खरं होतं की आधी मुलं हसली, मग रांग, मग मॅनेजरबाई.

"थांबा, मागून कुणाला तरी पाठवतो," आजोबा म्हणाले, आणि खिशातून आणखी एक लहान नाणं काढून त्यांनी टाकलं. ते आलं, नळ्या वाजवत, चक्र चढत, आणि पहिल्याला असा धक्का दिला की दोघंही पाठोपाठ घसरगुंडीवरून खाली, आणि झांज दोनदा दणाणली. जो जल्लोष झाला! आजोबांनी दोन्ही हात वर केले, जणू त्यांनीच ते केलं. केलंच होतं म्हणा.

"हे मुद्दाम ठेवलंय का?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"नाही हो," वन्सं डोळे पुसत म्हणाल्या. "पण आता मुद्दाम ठेवते."

आणि खरंच ठेवलं. आजही तिथे कधीकधी नाणं टोकावर थांबतं आणि अनोळखी माणसं एकमेकांना "तुमच्याकडे सुटे आहेत का?" विचारतात. मॅनेजरबाई सांगतात, हॉलमध्ये इतकं बोलणं कधी ऐकू यायचं नाही.

मग कामं यायला लागली. एक मोठा दुकानदार आला. त्याला डिट्टो तश्शाच घरंगळ्या हव्या होत्या, प्रत्येक शाखेत एक. रक्कम ऐकून हे उभेच राहिले. वन्सं म्हणाल्या, "एक करते. वेगळी."

तो गेल्यावर घरात चांगलीच जुंपली. "ताई, घरी आलेली लक्ष्मी परत पाठवतेस!"

"अरे, तश्शीच करायची तर त्यात माझं काय? ते कारखान्याला जमतं." मग जरा थांबून म्हणाल्या, "त्याला आराखडा विकते. कारखान्यात करून घेऊ दे. चालेल?"

यांनी क्षणभरही विचार केला नाही. "चालेल!"

त्या पैशातून व्हरांड्याला भिंत आणि छप्पर आलं, ड्रिल मशीन आलं, आणि वन्सं आता दुकानात निम्मेच दिवस जातात. पूर्ण सोडत नाहीत. "बिघडलेल्या वस्तू बघितल्या नाहीत तर मला सुचणार कुठून?" म्हणतात.

सध्या एका डोळ्यांच्या दवाखान्याचं काम चालू आहे. प्रतीक्षागृहासाठी घरंगळी हवी आहे, पण ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. म्हणजे नुसती ऐकायची. गोळी कुठे आहे, किती वेगात आहे, वळली की पडली, सगळं कानांनी कळलं पाहिजे. कसं करायचं ते अजून कुणालाच माहीत नाही. काल वन्संनी आम्हा दोघांच्या डोळ्यांवर टॉवेल बांधले आणि मध्ये बसवलं. डावीकडून लाकडी टकटक आली, डोक्यावरून काचेची किणकिण गेली, मग मागे कुठेतरी सगळंच धाडकन कोसळलं.

"काय वाटलं?" वन्संनी विचारलं. आवाजावरूनच कळत होतं, त्यांना हसू आवरत नव्हतं.

हे टॉवेल न काढता म्हणाले, "ताई, ते शेवटचं परत एकदा कर ना!"