प्रणिताचं ‘हो’

डिसेंबरची दुपार. विभागात मी एकटाच. विद्यार्थ्यांनी आपल्या मार्गदर्शक शिक्षकांबद्दल भरलेले फॉर्म तपासतोय. ‘शिक्षक तुमच्याकडे लक्ष देतात का?’ हो. हो. हो. अक्षरं एकमेकांत मिसळायला लागतात. डोळे मिटलेत की उघडेच आहेत, कळत नाही.

“सगळ्यांनी ‘हो’च लिहिलंय ना, सर?”

समोरच्या स्टुलावर प्रणिता डोंगरदिवे बसलीय. भूगर्भशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होती. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत डेंग्यूने गेली. हे मला आठवतंय, तरी तिला बघून दचकायला होत नाही.

“तू काय लिहिलं होतंस?”

“‘हो’च.”

“अगं, पण मी कुठे लक्ष दिलं?”

“महिन्यातून एकदा आम्ही वीस जण रांगेत. तुम्ही विचारायचात, काही अडचण? आम्ही म्हणायचो, नाही सर. झाली सही!” ती हसते. रागावलेली नाही.

“मग ‘हो’ का लिहिलंस?”

ती उठून व्हरांड्यात जाते. मी मागोमाग. फरश्या संपतच नाहीत. काळ्या पडतात, फुगतात, त्यांना दोरखंडासारखे पीळ बसतात. कॉलेज नाही, झाड नाही, पाखरू नाही. नजर पोचेल तिथवर नुकताच गोठलेला लाव्हा, आणि त्यावर प्रणिता अनवाणी उभी.

“पहिल्या वर्षाच्या सहलीत सगळे बसकडे पळाले होते,” ती म्हणते. “मी विचारलं, हा दगड खरंच वाहत होता? तुम्ही अर्ध्या वाटेतून परत आलात. गुडघे टेकून बसलात. म्हणालात, हात ठेव, सांगतो. बस अर्धा तास खोळंबली.”

“मला तुझं नावही ठाऊक नव्हतं गं,” मी म्हणतो. “शोकसभेत कळलं.”

“माहितेय. पण घरी जाऊन मी आईला सांगितलं, पुढे मी हेच शिकणार. ते ‘हो’ त्या अर्ध्या तासाचं आहे, सर. आता तुम्ही हात ठेवा.”

मी वाकतो. कोट्यवधी वर्षांपूर्वीची जमीन माझ्या हाताखाली ऊबदार आहे. श्वास घेतल्यासारखी ती हळूच वर येते, खाली जाते. मान वर करतो तर प्रणिता दूर, ठिपक्याएवढी, चालतेच आहे.

जाग येते. टेबलाची काच थंडगार, गुळगुळीत. माझा उजवा तळहात मात्र लालबुंद आहे आणि त्यावर पिळांच्या बारीक वळ्या उमटल्यात.

हात गालाला लावून बघतो. अजून गरम आहे.