विनोदच्या गोळ्या

त्या दिवशी विनोदच्या बेडक्यात क्षयाचे जंतू सापडले. विनोद माझा धाकटा भाऊ. हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, तो कामाला होता.

तिथे सगळेच खोकतात. रुई नाकातोंडात जाते म्हणून होतं, असं समजून तोही खोकत राहिला. डॉक्टर म्हणाले, पल्मनरी ट्यूबरक्युलोसिस, म्हणजे फुप्फुसाचा क्षय. डावं फुप्फुस बरंच पोखरलं होतं. गोळ्या न चुकता घेतल्या तर आशा होती.

वंदनाताई हेल्थ व्हिजिटर. क्षयाच्या रोग्याच्या घरी जाऊन त्याचा उपचार पूर्ण करून घेणं हे त्यांचं काम. त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा विनोद झोपला होता. त्यांनी माझ्या भावजयीला, सुनंदाला, स्वयंपाकघरात सगळं समजावलं. रिफॅम्पिसिन नावाच्या औषधाने लघवी लालसर होते, त्याला घाबरायचं नाही, हेही सांगितलं. विनोद उठला तेव्हा मी त्याच्याजवळ वाचत बसलो होतो. आमच्याकडे बाई भासऱ्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, असलं काही बोलत नाही. सुनंदाने गोळ्या दिल्या आणि लघवीचं ते सांगणं मागे ठेवलं.

दुसऱ्या सकाळी विनोद ओरडतच मोरीतून बाहेर आला. गोळ्यांनी आतडी फाडली, म्हणत होता. तेवढ्यात वंदनाताई दारात आल्या.

"काऊन विनोदभाऊ, झोप झाली का?"

त्याने दाराचा अडसर उचलून त्यांच्या हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. दुसरा घाव मध्ये पडलेल्या सुनंदाच्या कपाळावर बसला. मी मागून त्याची मान आवळली. तो माझ्या मनगटाला चावला.

"रक्त नाई ते," सुनंदा म्हणाली. "गोळीचाच रंग आहे. ताईनं सांगतलं होतं मले."

"मंग बोलली काऊन नाई?" विनोदने विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि फुटलेल्या कपाळावरून पदर खाली ओढला. विनोदचे हात सैल पडले.

वंदनाताई पायरीवर बसल्या होत्या. मोडलेला हात मांडीवर होता. त्या म्हणाल्या, "आधी माह्यासमोर गोळी गीळ. मंग मी पोलिसात जाईन."

त्याने गिळली. त्या पोलिसातही गेल्या. जामिनावर सुटल्यावर विनोदने एकही गोळी चुकवली नाही. पण आधीच पोखरलेल्या फुप्फुसातली एक रक्तवाहिनी फुटली. डॉक्टर त्याला हिमॉप्टिसिस म्हणतात, म्हणजे खोकल्यातून रक्त येणं. उशी, भिंत, माझा सदरा, सगळं भिजलं. वर्ध्याच्या दवाखान्यात नेताना तो वाटेतच गेला.

घरच्यांच्या तपासणीत सुनंदालाही क्षय निघाला. प्लास्टर काढल्यावर वंदनाताई पुन्हा आमच्या दारात आल्या. मी उठून बाहेर जाऊ लागलो.

"बसा भाऊ," त्या म्हणाल्या. "लाज गेली चुलीत. दोघंही ऐका."

तुमच्या घरी हा आजार आला, तर तुम्हीही असेच सगळे एकत्र बसा.

विनोद नाही. सुनंदा बरी झाली आहे. वंदनाताईंच्या उजव्या हाताची दोन बोटं अजून मिटत नाहीत.