चरकाच्या नमुन्याची फिर्याद

ती घटना आठवली की आजही आधी माझे डोके तापते आणि मग हायसे वाटते. महाराजांच्या कारकिर्दीत मी कोल्हापुरात फौजदार होतो. शिपायापासून वर चढलो होतो आणि शिकलेल्या मंडळींना ते कायम खुपत असे.

असाच एक वकील एका सकाळी ठाण्यात आला. नव्या यंत्राचे पेटंट, म्हणजे ते दुसऱ्या कुणी बनवू नये असा सरकारी हक्क, मिळवून देणे हा त्याचा धंदा. मुंबई-पुण्याचे कारखानदारही त्याचा सल्ला घेत. सोबत कसबा बावड्याचा एक लोहार होता. बैलांना हलका जाईल असा उसाचा चरक त्याने शोधून काढला होता. चरकाचा हातभर लाकडी नमुना समोर ठेवून वकील नकाशे काढणार आणि अर्ज कलकत्त्याच्या पेटंट कचेरीला धाडणार होता. तो नमुनाच लोहाराच्या घरातून गेला होता.

"अर्जाआधी चारचौघांनी पाहिला, तर याचा हक्क बुडाला," वकील म्हणाला. "नमुना घडवणाऱ्या सुतारानेच तो विकला असणार. त्याला आत टाका. कायदा तुम्हाला कुठला कळायचा, एवढे तरी करा."

राग गिळून मी सौदा केला. "दिवस मावळेपर्यंत फिर्याद नोंदवत नाही. तोवर मी नमुना आणला नाही, तर सुतार तुमचा."

सुताराला ठाण्यात आणले. दटावले, गुन्हा हलका करतो असे आमिषही दाखवले. त्याचे एकच पालुपद. "न्हाय नेला, सायेब. मारा न्हायतर सोडा." चोर असतो तो घासाघीस करतो. याने केली नाही.

मग लोहाराच्या घरी गेलो. कुलूप शाबूत, किमती हत्यारे जागच्या जागी. आणखी काय गेले, असे मी विचारले. लोहाराची बायको सासूकडे बघत म्हणाली, "आत्याबाईंचा कोरा खण दिसंना."

चोर माल पोत्यात कोंबतो, देवाला वाहायच्या कोऱ्या खणात नव्हे. मी म्हातारीकडे वळलो. "आजी, सुतार ठाण्यात बसलाय."

"आगं बया, त्याला कशापायी धरलासा?" ती बोलून गेली. "म्याच न्हेलता देवळात, कौल लावाय. सरकार हक्क देतंय का न्हाय, इचारलं देवाला. कौल मिळंपतोर बोलायचं नसतंय."

देवाला फूल चिकटवायचे आणि ते कोणत्या बाजूला पडते ते पाहायचे, हा आमच्याकडचा कौल. वकील आणि लोहाराला घेऊन मी देवळात गेलो. नमुना गाभाऱ्यात सापडला. वकिलाचा चेहरा उतरला. "देऊळ म्हणजे गावाची जागा. कुणी कुणी पाहिला?"

"खणाची गाठ कुणी सोडली न्हाय," गुरव म्हणाला. "आत काय हाय, त्ये देवालाच ठावं."

"देव काय कलकत्त्याला अर्ज धाडत न्हाय, वकीलसाहेब," मी म्हणालो. लोहार मटकन पायरीवर बसला आणि हसू लागला.

अर्ज गेला, हक्कही मिळाला. वरिष्ठांची शाबासकी मात्र वकिलाला. ते मी अजून विसरलेलो नाही.

पण त्या दिवशी सुताराला सोडवायला मी वकिलालाच ठाण्यात नेले होते. सुतार त्याला म्हणाला, "म्होरल्या टायमाला आधी आजीला इचारा, मग मला धरा."

गेलेल्या वस्तूचा लोभ कुणाला, हे शोधायची पोलिसांना सवय असते. तिची काळजी कुणाच्या जिवाला लागली होती, हेही आधी विचारावे. माझा संताप मला ठाऊक आहे. खणाचे कळण्याआधी दिवस मावळला असता, तर एका निर्दोष माणसाच्या पाठीवर माझ्या हातचे वळ उठले असते.