परत मागितलेलं वाण

तुम्ही कधी हळदीकुंकवाचं वाण परत मागितलंय? मी मागितलंय. एका संध्याकाळी, आख्ख्या बिल्डिंगमध्ये, दारोदार!

तेव्हा आम्ही डोंबिवलीत राहायचो. माझे धाकटे दीर श्रीधरभाऊजी मुंबईच्या एका प्रयोगशाळेत पीएचडीसाठी लेसरवर संशोधन करायचे. संक्रांतीच्या आधी मी त्यांना सांगून ठेवलं होतं, "भाऊजी, कॅमेऱ्याच्या रोलच्या रिकाम्या डब्या मिळाल्या तर आणा हो. हलवा भरून वाण देईन."

हळदीकुंकवाच्या दिवशी बघते तर फळीवर पिशवी, पिशवीत अठरा काळ्या डब्या! काय गुणी दीर माझा! प्रत्येक डबीत नखाएवढा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा होता. मला वाटलं, डबीसोबतच येत असेल. त्यावरच हलवा भरला, रीतीप्रमाणे सगळं केलं, सहापर्यंत डब्या संपल्या.

सातला भाऊजी आले. "वहिनी, फळीवरच्या डब्या?"

"वाटल्या की! सगळ्यांना इतक्या आवडल्या..."

त्यांनी रिकामी फळी चाचपून बघितली.

"वहिनी, तुमच्या डब्या मी विसरलोच. त्या माझ्या होत्या. पातळ पत्र्यावर लेसरचा झोत मारला की पत्र्याचा प्लाझ्मा होतो, त्यातून आयन, म्हणजे विजेचा भार असलेले कण, गोळीसारखे सुटतात. ते त्या तुकड्यांवर आदळून सूक्ष्म खड्डे पडलेत. चार महिन्यांचं काम आहे ते! उद्या सकाळी सरांना द्यायचंय."

"पण तुकडे तर कोरे होते हो!"

"खड्डे असे दिसत नाहीत. कॉस्टिक सोड्यात तापवल्यावर दिसतात."

आता सांगा, खड्डे आमच्या रस्त्यांवर काय कमी होते? पण हे न दिसणारे! माझ्यामुळे पोराचं शिक्षण बुडणार?

पदर खोचला आणि भाऊजींना घेऊन निघाले. कुलकर्णी वहिनी म्हणाल्या, "अगं, हलवा खाल्ला, तुकडा कचऱ्यात टाकला." कचरा उपसला! तळमजल्यावरच्या आजी तुकडा खडीसाखर समजून अर्धा तास चघळत होत्या. "विरघळतच नाही गं मेली!" म्हणत त्यांनी तोंडातून काढून दिला. भाऊजींनी डोळे मिटून रुमालात घेतला.

सतरा मिळाले. भाऊजींनी कोपऱ्यात कोरलेले बारीक आकडे भिंगातून बघून जुळवले, तर नेमका सात नंबर नाही. तोच म्हणे पत्र्याच्या अगदी समोर बसवलेला!

मला आठवलं, पाटकर काकूंनी सुनेसाठी दुसरी डबी मागितली होती. गेले पुन्हा.

"काकू, ती दुसरी?"

"मागितली खरी, पण तू दिलीस कुठे?"

"दिली असेन हो. जरा बघा ना!"

"सवाष्णीचं वाण परत मागणारी तू पहिलीच गं बाई! वर मला चोर ठरवतेस?"

तरी मी वाकून त्यांच्या पलंगाखाली बघितलं. मिसळणाचा डबासुद्धा उघडला, हो! काकूंनी दार आपटलं ते अजून कानात आहे.

घरी आले. भाऊजी खिडकीशी बसून सतरा तुकडे पुन्हा पुन्हा मोजत होते. माझ्यावर रागावले असते तर बरं वाटलं असतं. मी देवघरासमोर बसले, डोळे घट्ट मिटले आणि म्हटलं, "आई, एवढी एक डबी सापडू दे गं, पाच मंगळवार करीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेला बसले. डोळे उघडे होते. अन्नपूर्णेच्या पायाशी काळी डबी. पहिलं वाण देवीला, ही सासूबाईंची रीत. मीच ठेवली होती.

भाऊजी अठरा तुकडे घेऊन गेले, आणि मी पाटकर काकूंकडे माफी मागायला गेले.