एलॉफमामाने दिलेली खबर

माझा एलॉफमामा आमच्या गावच्या चर्चमध्ये तीस वर्षं घंटा वाजवायचा आणि भजनं सुरू करून द्यायचा. आवाज खणखणीत. पण गुनिल्लामामीने त्याचं कधी कौतुक केल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

मामी पन्नाशीला आली तेव्हा मोन्स चांभार आपल्या घरी लोकांना जमवून बायबल वाचून दाखवू लागला. पाद्रीशिवाय असं प्रार्थनेला जमणं स्वीडनमध्ये तेव्हा गुन्हा होता. तरी दर गुरुवारी मामी जायची आणि येताना गुणगुणत यायची. मामाचा नुसता जळफळाट व्हायचा.

"चामडं कुटणारा माणूस तो! त्याला काय कळतंय धर्मातलं?"

"तो मला विचारतो तरी, 'गुनिल्लाबाई, तुम्हाला काय वाटतं?' म्हणून. पाद्रीसाहेबांनी विचारलंय कधी? तुम्ही विचारलंत?"

"मग राहा जा त्याच्याकडेच!"

"लापशी गार होतेय. खाऊन घ्या."

एका गुरुवारी मामा तिच्या मागोमाग गेला आणि मोन्सच्या खिडकीशी उभा राहिला. आत मामी भजन सुरू करून देत होती. डोळे मिटून, मोकळ्या गळ्याने. मोन्स आणि बाकीचे तिच्यामागून म्हणत होते. मामा तसाच तडक पाद्र्याकडे गेला.

त्याला वाटलं होतं, एकट्या मोन्सला धरतील. पुढच्या गुरुवारी शिपायांनी तिथे जमलेल्या सातही जणांची नावं लिहून घेतली, मामीचंही. दंड भरायचा, नाहीतर पाव-पाण्यावर तुरुंग. मामा दंड भरायला धावला, तर मामी म्हणाली, "नको. मी सगळ्यांबरोबर जाणार."

ती तुरुंगाच्या गाडीत चढताना त्याने तिचा हात धरला. "गुनिल्ला, खबर मी दिली."

"ठाऊक आहे. खिडकीबाहेर तुमचा खोकला ऐकला होता मी."

"मग थांबली का नाहीस?"

"कडवं अर्धवट राहिलं असतं."

आठ दिवसांनी ती परतली. गाल बसले होते. मामाने तिच्यासाठी दूध तापवून ठेवलं होतं; पण ती घोटभर पिते न पिते तोच मोन्सची बायको चीज घेऊन दारात उभी. दोघी गळ्यात पडून रडल्या. मामा दुधाचं भांडं धरून बाजूला उभा. आता तर ते सातजण एकमेकांचे सख्ख्याहून सख्खे झाले होते, आणि ते नातं त्यानेच जोडून दिलं होतं.

पुढे कायदा बदलला. मामी राजरोस जाऊ लागली. मामा तिला आणायला जायचा, बर्फातसुद्धा. मोन्स हाक मारायचा, "आत या की, एलॉफभाऊ!"

"बायकोला न्यायला आलोय," मामा फाटकातूनच म्हणायचा. "तिला सांगा, उशीर झालाय."