मुळापासून फुटलेला पाइन

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही: सोनागिरीतल्या आमच्या शेजाऱ्यांचा पाइन माझ्यामुळे जळाला.

वनखात्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ घरामागच्या पट्टीत साग आणि पाइनची रोपं वाढवतात. होळीच्या सुमाराला खांद्यावर ओलं पोतं टाकून, तोंडात शिट्टी धरून ते तिथल्या पाचोळ्याला, उन्हाळ्यात मोठी आग लागू नये म्हणून, बेताची आग लावतात आणि मला बजावतात:

"भाऊ, लिहून घ्या! सागाचं रोप जळालं तरी मुळापासून फुटतं. हे पाइनचं पिल्लू मात्र गेलं की गेलं."

यंदा मी माझ्या अंगणातला सगळा पाचोळा आळसाने त्यांच्या पाइनखाली लोटला होता. तिथे आग भडकली. पावसात साग फुटले. पाइनची नुसती काळी काडी उरली; ती मेली असं त्यांनीच सांगितलं होतं, तरी तिलाही ते रोज पाणी घालत होते. मला बघवेना. ते नागपूरला गेले तेव्हा मी बिट्टन मार्केटजवळच्या नर्सरीतून पाइनचं बोटभर रोप आणून काडीच्या बुडाशी लावलं.

परतल्यावर ते कुंपणावरूनच ओरडले, "भाऊ, फुटला! जिंदगीभर आपण चुकीचं सांगितलं हो!"

रविवारी ते खात्यातल्या जुन्या साहेबांना हा चमत्कार दाखवणार आहेत. चहा आमच्याकडेच आहे. त्याआधी शेजाऱ्यांना खरं सांगणं माझं बाकी आहे.